माझे टायर आणि तळ्यावरची शर्यत

१ नोव्हेंबर १९९२, रविवार

ही वही हेल्काने आणून दिली. म्हणाली, "ओइवा, तुझं टायरपुराण ऐकून माझे कान किटले. आता हिला सांग. ही मधेच उठून गोठ्यात जाणार नाही."

बायकोचं खोटं नाही. आमच्या काइनू प्रांतात माणसाने आपल्या तोंडाने आपलं कौतुक केलं की समोरचा बुटांकडे बघायला लागतो, जणू कोणी भर चर्चमध्ये मोठ्याने शिंकलं. आणि मला तर गेले दोन महिने कौतुकाशिवाय दुसरं काही सुचत नाही. तेव्हा इथे लिहितो, स्वयंपाकघराचं दार लावून.

माझे टायर उत्तम आहेत.

लिहून टाकलं. बरं वाटलं.

सगळं सुरुवातीपासून लिहावं म्हणतो. वसंतात लाकडाची गिरणी बंद पडली आणि अर्धं गाव घरी बसलं. त्याआधीच्या हिवाळ्यातच लोक माझ्या टकलासारख्या गुळगुळीत टायरांवर गाड्या हाकत होते. या हिवाळ्यात नवे कोरे कोण घेणार? म्हणून मी दक्षिणेतल्या एका कारखान्यातून रिमोल्ड मागवले, म्हणजे जुन्याच सांगाड्यावर नवं रबर चढवलेले. खिळे मात्र मी स्वतः ठोकतो, आमच्या रिकाम्या गोठ्यात. भोकात साबणाचं पाणी, मग खिळा, मग खिळे ठोकायच्या बंदुकीचा एकच दाब. खिळा आत गेला तर बर्फ पकडत नाही, बाहेर राहिला तर उडून जातो. अंगठा फिरवला की मला कळतं. हेल्का म्हणते, गाईंनाही मी एवढा जीव लावला नव्हता.

गावात त्यांना "ओइवाचे जोडे" म्हणतात. हे नाव शेजारच्या आह्ती मोइलानेनचं. "जुना बूट, नवा तळवा, वर चार चुका," म्हणाला. आह्तीने बोलूच नये. दर हिवाळ्यात ज्या माणसाला लोक दोरी बांधून बर्फातून ओढून काढतात, त्याने टायरांवर मत देऊ नये.

१४ नोव्हेंबर, शनिवार

आज आउने केम्पाइनेन आली होती. शाळेच्या टॅक्सी तिच्या. जंगलातल्या वस्त्यांवरून पोरं शाळेत आणायची आणि दुपारी परत सोडायची. सहा गाड्या. ती गोठ्यात उभी राहिली, एक टायर उचलला, वास घेतला, खाली ठेवला.

"स्वस्त आहेत," म्हणाली.

"आहेत."

"स्वस्त का आहेत?"

"कारण मी वरचं नाव विकत नाही, टायर विकतो."

हे वाक्य मी आठवडाभर तयार करून ठेवलं होतं. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. म्हणाली, "ओइवा, माझ्या गाडीत लोकांची पोरं असतात. कोणाच्या तरी गाडीवर आधी बघेन. हिवाळाभर बघेन. मग ठरवेन."

आउनेने घेतले तर सगळं गाव घेईल, आणि तिने नाही म्हटलं तर वसंतात मी हे सगळं रबर गोठ्यात बघत बसणार. इतकं ते सरळ आहे. गिरणी गेली तेव्हा मी एका रात्रीचीही झोप घालवली नव्हती. आता घालवतोय.

२९ नोव्हेंबर, रविवार

पहिला मोठा बर्फ. चर्चची घंटा वाजवणाऱ्या म्हातारीने गेल्या आठवड्यात चार टायर घेतले होते. तिला बजावून सांगितलं, सुरुवातीचे काही दिवस हळू चालवा, खिळे रबरात बसू द्यात, जोरात ब्रेक नको. ती म्हणाली, "मी युद्धानंतर कधी जोरात चालवलीच नाही."

आज चर्चच्या चढावर तीन गाड्या आडव्या झाल्या. म्हातारी मधून वाट काढत वर गेली आणि वेळेवर घंटा वाजली. लोक येऊन मला सांगत होते. पण हा काय पुरावा झाला? दुसऱ्या गिअरच्या वर ती जातच नाही. अशा बाईला लाकडाची चाकं लावली तरी ती चर्चला पोचेल. माझ्या टायरांना त्यांच्या लायकीचा ड्रायव्हर हवा, चारचौघांत दाखवणारा.

६ डिसेंबर, रविवार, स्वातंत्र्यदिन

खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. मेर्वी जेवायला आली. आमची एकुलती एक. सव्वीस वर्षांची, टपाल वाटते. सरकारी पिशवी आणि स्वतःची डॅटसन घेऊन रोज जंगलातल्या सगळ्या पेट्या फिरते. बोलते कमी. हेल्का म्हणते माझ्यावर गेली. पण मी कुठे कमी बोलतो?

बटाटे वाढून घेताना म्हणाली, "जानेवारीत तळ्यावरच्या जोक्किसमध्ये नाव घालतेय."

जोक्किस म्हणजे आमच्याकडची सगळ्यांची शर्यत. कोणीही यावं, कुठलीही जुनी गाडी आणावी, दारं त्या दिवसापुरती वेल्ड करावीत आणि गोठलेल्या तळ्यावर चकरा माराव्यात. दरवर्षी सगळं गाव तिथे असतं. आउनेसुद्धा.

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. "टायर माझे लावायचे," मी म्हटलं.

"माझे चांगले आहेत की."

"तुझे? मेर्वी, तुझ्या टायरांवर नक्षी आठवणीपुरती उरली आहे. चार हिवाळे त्यांच्यावर फिरतेस आणि एकदाही खड्ड्यात गेली नाहीस, हे तुझं नशीब."

तिने खांदे उडवले. हेल्काने माझ्याकडे बघितलं आणि मिठाची बाटली पुढे सरकवली. मिठाची मला गरज नव्हती.

१९ डिसेंबर, शनिवार

मेर्वीच्या गाडीला टायर लावले आणि आज तिच्या फेरीवर सोबत गेलो. खिळे बसेपर्यंत हळू चालव म्हटलं, तिने तसंच चालवलं. मी बाजूच्या सीटवर डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होतो. कोरड्या बर्फावर माझे खिळे कसे बोलतात ते ऐकणाऱ्यालाच कळेल.

परतताना सरोवराच्या उतारावर एक रेनडिअर आडवा आला. मी डोळे उघडले तोवर गाडी तिरकी झाली होती, मग दुसऱ्या बाजूला तिरकी झाली, मग सरळ. मेर्वीने मधे काहीतरी केलं असणार, तिचे पाय हलले होते. मागच्या सीटवरच्या पत्रांची एकही गड्डी सुटली नाही. रेनडिअर तिथेच उभा राहून आमच्याकडे बघत होता.

"बघितलंस?" मी म्हटलं. "टायर म्हणजे टायर!"

"हं," मेर्वी म्हणाली.

घरी येऊन हेल्काला सांगितलं. अंगावर मूठभर मांस चढलंय.

१७ जानेवारी १९९३, रविवार

उणे चोवीस. मिशी गोठली, पण आज काहीही गोठलं असतं तरी चाललं असतं.

सविस्तर लिहितो, कारण असा दिवस आयुष्यात पुन्हा येईल न येईल. तळ्यावर लंबगोल मार्ग साफ केलेला, दोन्ही बाजूंना कमरेएवढे बर्फाचे बांध. कर्ण्यावर दुकानदार पेन्त्ती. तो साखर मोजतानाही असाच ओरडतो. अंतिम फेरीत मेर्वी मागच्या रांगेत. निशाण पडलं आणि पहिल्याच वळणावर पुढच्या चार गाड्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, लग्नात भेटल्यासारख्या. मेर्वी बाहेरून गेली. बाहेरून म्हणजे जिथे भुसभुशीत बर्फ असतो, जिथून कोणी जात नाही! माझ्या टायरांनी तिला तिथून नेलं. आह्ती तिसऱ्या वळणावर बांधात घुसला. तो तिथे दरवर्षी घुसतो, त्याची बायको फावडं घेऊन त्याच वळणावर उभी असते. शेवटच्या फेरीत मेर्वीच्या पुढे कोणीच नव्हतं.

लोक माझ्याकडे बघत होते. आउने कॉफीचा कप हातात धरून बघत होती. मी एवढंच म्हटलं, "बरं चाललं." आतून मात्र मी बैल झालो होतो, शिंगं रंगवलेला.

आणि मग चिठ्ठ्या.

आता जे लिहायचं आहे त्याने माझ्या अक्कलहुशारीवर फारसा उजेड पडणार नाही. जोक्किसचा नियम असा: शर्यत संपली की भाग घेणारा कोणीही दुसऱ्या कोणाचीही गाडी मागू शकतो. पेटीत चिठ्ठी टाकायची. किंमत सगळ्या गाड्यांना एकच, ठरलेली, मुद्दाम कमी, म्हणजे श्रीमंताने गाडीत पैसा ओतून जिंकू नये. चिठ्ठ्या जास्त असल्या तर सोडत. नाही म्हणायचं नाही; म्हटलं तर पुन्हा शर्यतीत पाऊल ठेवायचं नाही. जितक्या चिठ्ठ्या तितका गाडीला मान. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण आमच्या घरच्या गाडीला आजवर कोणी चिठ्ठी टाकलीच नव्हती, तर त्या नियमाकडे बघायचं कशाला?

मेर्वीच्या डॅटसनवर चिठ्ठ्यांचा ढीग पडला. पेन्त्ती कर्ण्यावर त्या मोजत होता आणि मी प्रत्येक आकड्याबरोबर उंच होत होतो. मग त्याने डोळे मिटून एक उचलली. "आह्ती मोइलानेन!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की गाडी जाते ती टायरांसकट.

मी जॅक घेऊन धावलो. मागचं डावं चाक अर्धं सैल केलं असेल, तोवर कर्णा माझ्या डोक्यावर. "ओइवा क्युल्लोनेन, गाडीखालून बाहेर ये. गाडी जशी आहे तशी विकली जाते. नट पुन्हा आवळ." सगळं तळं हसलं. इतका मोठा हशा मी गिरणीच्या निरोप समारंभातही ऐकला नव्हता, आणि तिथे मॅनेजर मंचावरून पडला होता.

आह्ती येऊन माझ्याजवळ उकिडवा बसला. "लेका, काळजी करू नको. ओइवाचे जोडे मी जपून वापरीन."

नट मी स्वतः आवळले. नीट आवळले. कोणी असं म्हणायला नको की ओइवाने चाक सैल सोडलं.

१८ जानेवारी, सोमवार

दिवसभर गोठ्यातच बसलो. हिवाळ्यातले माझे सगळ्यात चांगले चार टायर आह्तीकडे. जणू व्हायोलिन लाकूडतोड्याच्या हातात गेलं.

गंमत म्हणजे मेर्वीला काहीच वाटलं नाही. तिनेही काल एक चिठ्ठी टाकली होती, शेवटून पहिल्या आलेल्या एका लाडा गाडीवर. त्या लाडाला दुसरं कोणी मागितलंच नाही, सोडत काढायची वेळच आली नाही. "तीच का घेतलीस?" मी विचारलं. "सस्पेन्शन चांगलं आहे. तो माणूस वळणावर ब्रेक दाबतो, म्हणून मागे राहतो." टायरांबद्दल अवाक्षर नाही. मी बाहेर जाऊन बघितले. चारांपैकी दोन वेगळ्या जातीचे, खिळे गळालेले, कडा झिजलेल्या. भंगारवाला हसला असता.

३१ जानेवारी, रविवार

पुढची शर्यत लास्कियाइनेनच्या रविवारी, उपवासाआधीच्या सणाला. मेर्वी लाडाचं नाव घालून आली. हेल्काने विचारलं, "मग, टायर कधी लावणार?"

मी म्हटलं, "लावणार नाही."

हेल्काने हातातला कप खाली ठेवला.

"का म्हणून लावू? ती पुन्हा जिंकेल, पुन्हा चिठ्ठ्या पडतील, पुन्हा कोणी आह्ती माझे टायर घेऊन जाईल. मी काय गावाला फुकट बूट वाटायला बसलोय? ज्याला माझे टायर हवेत त्याने गोठ्यात यावं."

हेल्का म्हणाली, "तुझ्या पोरीची शर्यत आहे, ओइवा."

"पोरगी हुशार आहे, समजून घेईल."

"बरं," मेर्वी म्हणाली आणि कॉफी ओतून घेतली. रागावली असेल का? तिचं 'बरं' नेहमी सारखंच वाजतं. सहा वर्षांची असताना तिचा हात मोडला तेव्हाही बरंच म्हणाली होती.

१३ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर पाऊस आणि मग पुन्हा कडाक्याची थंडी. रस्ते काचेचे झालेत. मेर्वी रोज लाडाने टपाल वाटते, त्याच भंगार टायरांवर. पत्रं वेळेवर येतात. मी दोन वेळा म्हणणार होतो की निदान टपालासाठी तरी माझे लाव. पण एकदा नाही म्हटल्यावर माणसाने शब्द कसा फिरवायचा?

आह्ती गोठ्याजवळून गेला, डॅटसन थांबवली, काच खाली केली. "ओइवा, काहीतरी चुकतंय बघ."

"काय मोडलंस?"

"काहीच नाही. तेच तर. जानेवारीपासून एकदाही बर्फात गेलो नाही. बायको विचारते, फावडं कुठे ठेवू. तब्येत बरी नसेल का माझी?"

"थांब. हिवाळा संपलेला नाही," मी म्हटलं.

त्याच्याबद्दल अधिक काय लिहायचं? आउने परवा दुकानात भेटली. म्हणाली, लास्कियाइनेननंतर सांगते. तेवढंच.

२० फेब्रुवारी, शनिवार

उद्या शर्यत. साउनात बसून वाफ घेतली, दोन वेळा. काही उपयोग झाला नाही.

वहीशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. उद्या मेर्वी मागे पडावी असं मला थोडंसं वाटतंय. थोडंसं नाही, बरंच. तीच पोरगी, तोच हात, तेच तळं. फक्त माझे टायर नाहीत. मागे पडली की आउनेसकट सगळ्या गावाला कळेल जानेवारीत काय जिंकलं होतं. याहून स्वच्छ पुरावा कुठला?

आणि हे लिहिताना दार लागलंय का ते मी दोनदा बघून आलो. स्वतःच्या लेकराने हरावं असं वाटणारा बाप कसला? मी हेल्काला सांगू शकत नाही. तिला सांगितलं तर ती नुसती मिठाची बाटली सरकवेल.

मेर्वीने माझ्याकडे टायर मागितलेसुद्धा नाहीत. मागितले असते तर दिले असते. खरंच दिले असते.

२१ फेब्रुवारी, रविवार, लास्कियाइनेन

जसं घडलं तसंच लिहितो.

मटाराचं सूप, मलईचे बन, पोरं टेकाडावरून घसरताहेत, तळ्यावर सगळं गाव. मी मुद्दाम बांधाजवळ उभा, आउनेपासून जरा लांब. मेर्वीची लाडा पुढच्या रांगेतसुद्धा नाही. मनात म्हटलं, झालं.

पहिल्या वळणावर ती घसरली. खरंच घसरली, मागचा भाग बाहेर गेला. आणि मी, काल काय काय लिहिलं होतं तो मी, बांधावर चढून ओरडलो, "सोड! ब्रेक सोड, पोरी!" तिने ब्रेक दाबलाच नव्हता. ती घसरतच होती, पण तिला जिकडे जायचं होतं तिकडेच. दुसऱ्या वळणावरही तेच. टायर काही धरत नव्हते, एकही खिळा कामाचा नव्हता, सगळं ती करत होती. वळण यायच्या आधीच ती गाडी तिरकी करत होती, पायाने, हाताने, कुठल्यातरी तिच्या स्वतःच्या हिशोबाने. मी पहिल्यांदा चाकांकडे नाही, तिच्याकडे बघत होतो. हे सगळं ती नेहमीच करत असणार. रेनडिअर आडवा आला तेव्हाही. टपालाच्या चार हिवाळ्यांतही. मी बाजूच्या सीटवर बसून डोळे मिटत होतो!

ती जिंकली. आह्ती त्या डॅटसनमध्ये शेवटून दुसरा आला, दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकलेला, आणि त्याची बायको तिसऱ्या वळणावर फावड्याला टेकून नुसती बघत राहिली.

मग लोक माझ्याकडे आले. कसे आले! गिरणीतले, चर्चमधले, आयुष्यात कधी हात न मिळवलेले. "ओइवा, टायर असावेत तर असे." "गोठ्यात अजून किती आहेत?" सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की क्युल्लोनेनच्या पोरीची गाडी क्युल्लोनेनच्या टायरांवर. का धरून चालणार नाहीत? चाकं बर्फाने बरबटलेली, दिसत काहीच नाही. मी तोंड उघडलं नाही. आउने गर्दीतून आली. कप नव्हता आज हातात.

"सहा गाड्या," ती म्हणाली. "सहाच्या सहा. मला पुरावा मिळाला."

हो म्हणायला मला एक अक्षर लागणार होतं. त्या एका अक्षरात सगळा गोठा, सगळं रबर, हेल्काचं येणारं वर्ष होतं. पेन्त्ती मायक्रोफोन घेऊन माझ्या तोंडासमोर उभा. "बोल ओइवा! गावाला सांग, काय होतं त्या चाकांवर?"

समोर मेर्वी गाडीच्या खिडकीतून बाहेर येत होती, दारं वेल्ड केलेली ना. हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले. माझ्याकडे बघत होती, काही मागत नव्हती. मी तिला जे दिलं नाही ते ती कोणालाही सांगणार नव्हती, एवढं मला दिसलं.

"टायर माझे नाहीत," मी म्हटलं. कर्ण्यातून तो आवाज सगळ्या तळ्यावर गेला आणि पलीकडच्या काठावरून परत आला. "भंगार आहेत. मी तिला माझे दिलेच नाहीत. ही शर्यत टायरांनी नाही जिंकली. जानेवारीतली पण नाही."

सगळं गाव आपापल्या बुटांकडे बघायला लागलं. आउनेने वाकून लाडाच्या चाकावरचा बर्फ हातमोज्याने पुसला, झिजलेली कड बघितली, उभी राहिली. "अस्सं," म्हणाली. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगतो, तेवढं वाईट वाटलं नाही जेवढं वाटायला हवं होतं.

तेव्हा मेर्वीने पेन्त्तीच्या हातातून मायक्रोफोन घेतला. माझ्या पोरीने, जी पूर्ण जेवणात तीन वाक्यं बोलते.

"मी कशावरही चालवते," ती म्हणाली. "मला चांगले टायर लागत नाहीत. ते तुम्हाला लागतात."

कोणीतरी हसलं.

"हसू नका. आह्तीकाका आज रेषेपर्यंत आले. याआधी ते रेषेपर्यंत आलेले कोणी बघितलेत? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. आह्तीने स्वतःचा अर्धा वर केला आणि खाली घेतला. "खरं आहे," तो ओरडला, "मला ती रेषा कुठे असते तेच माहीत नव्हतं!"

"ती गाडी बाबांच्या टायरांवर आहे. महिनाभर आह्तीकाका रोज गाडी बाहेर काढत होते, काचेच्या रस्त्यांवरसुद्धा, आणि त्यांचं फावडं कोरडं आहे. चर्चच्या आजींना विचारा चढावर काय झालं. माझे बाबा शर्यतीचे टायर बनवत नाहीत. ज्यांना गाडी धड चालवता येत नाही त्यांचे टायर बनवतात. म्हणजे तुम्हा सगळ्यांचे."

आता तळ्यावर जो हशा झाला तो जानेवारीपेक्षा मोठा होता, पण याच्यात मी पण होतो. आउने हसली नाही. ती आह्तीच्या डॅटसनजवळ गेली, एका गुडघ्यावर बसली आणि हातमोजा काढून उघड्या अंगठ्याने खिळ्यांवरून हात फिरवला. बराच वेळ. मग आह्तीकडे बघितलं, नखशिखांत, जणू त्याचीच किंमत करतेय.

"याला जर घरी आणत असतील," ती मला म्हणाली, "तर माझ्या पोरांनाही आणतील. सहाच्या सहा, ओइवा. उद्यापासून लाव. आणि पुन्हा मला जिंकणारी गाडी दाखवत बसू नकोस."

मी मान हलवली. इतके दिवस मी माझे टायर घेऊन बढाई मारत फिरलो आणि ते कशासाठी चांगले आहेत हे मला माझ्या पोरीकडून, कर्ण्यावरून, सगळ्या गावासोबत ऐकावं लागलं. तिला आधीच ठाऊक होतं. विचारायचं मलाच सुचलं नव्हतं.

मेर्वी मायक्रोफोन पेन्त्तीला परत देत होती. मी मधेच घेतला. आमच्याकडे असं कोणी करत नाही. माझ्या बापाने माझ्यासाठी कधी केलं नाही, आणि मी तरी सव्वीस वर्षांत कुठे केलं?

"आणि ती चालवणारी," मी म्हटलं, "ती माझी आहे. माझी आणि हेल्काची. तिच्यासारखं या तळ्यावर कोणी चालवत नाही. कोणीच नाही."

मेर्वी लाल झाली, कानापर्यंत. हेल्का सुपाच्या पातेल्यामागे डावाने तोंड लपवत होती.

"आणखी काही?" पेन्त्तीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आणखी काय असतं?"